पाडण्याआधीचं मोजमाप

जुन्या गोठ्यापाशी टेप घेऊन कुणी उभं राहिलं, की गावात पहिला प्रश्न ठरलेला: “रस्ता जाणार का हो इथनं?” दुसरा, भरपाई किती मिळणार. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आजवर गावात टेप आला तो धरणाची पाणरेषा आखायला, अतिक्रमण काढायला, नाहीतर भावाभावांच्या वाटण्या करायला. ‘तुमचा गोठा कसा बांधलाय ते लिहून ठेवायचंय’ असं म्हणणाऱ्यावर लगेच कोण विश्वास ठेवील? चहा होतो, पाव्हण्यारावळ्यांतून ओळख निघते, आलेला माणूस सरकारी नाही अशी खात्री पटते. मग घरधनी स्वतःच टेपचं दुसरं टोक धरतो आणि वर विचारतो, “पण मोजून उपयोग काय? अक्षय्य तृतीयेला पाडायचाच आहे की.”

पाडायचा आहे म्हणूनच मोजायचा, या एका हट्टापायी हा संग्रह तयार झाला आहे. यात गोठे आहेत, खळी आहेत, विहिरीवरची थारोळी आहेत. गुऱ्हाळघरं, लोहार-सुतारांच्या शाळा, कोष्ट्यांची मागघरं, तेल्यांचे घाणे आणि हळदीची पेवं आहेत. यातली कुठलीही वास्तू वाचवा, अशी मागणी इथे केलेली नाही. ज्याच्या मालकीची जागा, ज्याच्या डोक्यावर गळकं छप्पर, त्याने ती ठेवावी की पाडावी हे शहरातून आलेल्या पाहुण्याने ठरवू नये, असं मला वाटतं. पाहुण्याने मागावेत ते दोन दिवस. मालक, तिथे राबलेला एखादा म्हातारा माणूस आणि मोजणारे दोघे-तिघे एकत्र असतील, तर एवढ्या वेळात बहुतेक गोठ्यांचं आणि कामशाळांचं काम उरकतं.

आपल्याकडे वास्तूंच्या अभ्यासाची परंपरा नाही असं नाही. म. श्री. माटे यांचं मराठा वास्तुकलेवरचं पुस्तक १९५९ मधलं. तेव्हापासून किल्ले, देवळं, वाडे, घाट यांवर बरंच चांगलं काम झालं आहे. वाड्याचा चौक, दिवाणखाना, गणेशपट्टी यांची रेखाटनं वास्तुशास्त्राच्या प्रत्येक महाविद्यालयात सापडतील. त्याच वाड्याच्या मागच्या अंगाला बारा बैलांची दावण होती, तिचा नकाशा मात्र मिळत नाही. विद्यार्थ्याने तिथे पोहोचेपर्यंत कागद संपवलेला असतो. कायद्याचंही असंच. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांची अट घालतो आणि त्यावर राष्ट्रीय महत्त्व असलं पाहिजे म्हणतो. मुंबईची वारसा नियमावली १९९५ साली आली, पण ती शहराची. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बांधलेलं गुऱ्हाळघर यांतल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. बसावं असंही नाही. गावोगावची गुऱ्हाळघरं ‘संरक्षित’ झाली, तर गूळ करायचा कुणी आणि कुठे?

दुर्लक्षाचा नमुना पाहायचा तर साताऱ्याजवळच्या लिंबला जावं. तिथली बारा मोटेची विहीर प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतली, शिलालेख असलेली, आत महाल असलेली आणि नाव बाराचं असलं तरी पंधरा मोटा चालतील एवढी ऐसपैस. माणसं लांबून येतात, फोटो काढतात, आणि ते योग्यच आहे. त्याच वाटेवर शेताशेतांत एकमोटी, दुमोटी विहिरी होत्या. थारोळ्याचे घडीव दगड, बैलांनी उतरायची धाव, नाडा घासून काठाला पडलेल्या खाचा, सगळं होतं. मोटार बसली, धाव नांगरून शेतात घेतली, थारोळ्याचे दगड बांधाला लागले. एका मोटेमागे किती लांब धाव लागे, तिचा उतार किती असे, पाणी किती खोल गेलं की धाव वाढवावी लागे, हे हिशेब त्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ होते. तोंडपाठ होते म्हणूनच कुणी लिहिले नाहीत. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ चा. बलुतं, वतन, गावकी यांची तशी तपासणी पुन्हा क्वचितच झाली. पण आत्र्यांचं लक्ष माणसांच्या व्यवहारावर होतं. सुताराला बलुतं किती मिळे हे त्यांच्यामुळे कळतं. तो कुठे बसून काम करी, ती जागा किती हात लांब होती, हे कळायला दुसरं साधन हवं.

या वास्तू पडतात त्याची कारणं सांगताना उगाच हळहळण्यात अर्थ नाही. बैल गेले की गोठ्याचं काम संपतं. माळवदाला दर पावसाळ्याआधी माती टाकून चोपावं लागतं. ती पांढरी माती आणायची कुठून आणि चोपायला माणूस मिळणार कुठून? घरकुल मंजूर झालं तर ठरल्या मुदतीत जोतं दिसायला हवं, आणि गावठाणात मोकळी जागा असते ती जुन्या गोठ्याचीच. सागवानी खांबांना गिऱ्हाईक तयार असतं. जुन्या लाकडाचे व्यापारी गावोगाव फिरतात, रोख पैसे मोजतात, आणि चार पिढ्यांनी तेल-धुराने काळी केलेली तुळई कुठल्याशा रिसॉर्टच्या दारावर चढते. वाटणीत मिळालेल्या अडीच खणांच्या गोठ्याचं दुसरं करणार तरी काय?

आणि किल्लारीचा भूकंप विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात जी माणसं मेली, त्यांतली बहुतेक स्वतःच्या भिंती आणि माळवदाखाली मेली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दर्जेत नुसती माती, आतल्या-बाहेरच्या थरांना एकत्र बांधणारा दगड नाही, आणि वर वर्षानुवर्षं चढत गेलेल्या मातीचा बोजा. त्यानंतर मराठवाड्यात माळवद म्हटलं की पोटात गोळा येणारी एक पिढी आहे. तिच्यापुढे ‘पारंपरिक घरातला गारवा’ वगैरे बोलणाऱ्याने जरा जपून बोलावं. मात्र त्याच गावांतून आणखी एक गोष्ट दिसली, ती इंजिनिअरांनी तेव्हाच नोंदवली होती. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर नव्हता, लाकडी खांब आणि तुळयांच्या खणांवर होता, तिथे भिंती बाहेर कोसळल्या तरी कित्येक ठिकाणी सांगाडा आणि छत उभं राहिलं. म्हणजे एकाच आळीत, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन घरांपैकी एक मारणारं होतं आणि एक तारणारं. कुठल्या गावात कुठली घरं किती, याची भूकंपाआधीची नोंद कुठेच नव्हती.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी गेली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. भूकंपात टिकतील अशी घरं देणं ही तेव्हाची पहिली गरज होती आणि त्यात वावगं काही नाही. पण शेतकऱ्याच्या जुन्या घरातली निम्मीअधिक जागा माणसांची नसते. ती जनावरांची, कडब्याची, औतकाठीची, धान्याच्या बळदाची असते. दोन बैल आणि एका म्हशीला किती खण लागतात, वर्षाचा कडबा रचायला किती, गाडी फिरवायला अंगण किती, हे आकडे हाताशी असते तर नकाशांवर त्यांची जागा दिसली असती. त्या वसाहतींत पुढे दारापुढे पत्रे टाकून लोकांनी आपापले गोठे काढले. पाडण्याआधीच्या नोंदीला ‘आठवणींचा ठेवा’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. दुसऱ्या आपत्तीनंतर दुसऱ्या गावात घरं बांधावी लागतील, तेव्हा हा ठेवा अंदाजपत्रकाच्या कामाचा आहे.

आता सरकारही गावं मोजतं आहे, आणि झपाट्याने. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. २०२० मध्ये स्वामित्व योजना निघाली. पिढ्यान्‌पिढ्या कागद नसलेल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या, भांडणं मिटली (काही नवी सुरूही झाली), बँकेत तारण ठेवायला काहीतरी आलं. हे मोठंच काम आहे. पण ड्रोनला दिसतं छप्पर. पत्र्याच्या एका चौकोनाखाली माणसं राहतात, म्हशी बांधतात की कुंभाराचं चाक फिरतं, हे त्याला वरून कळत नाही आणि कळायची गरजही नाही. त्याला हद्द हवी आहे. या संग्रहातली मोजणी जिथे सुरू होते ते हे छपराखालचं. मालकी कुणाची, यापेक्षा इथे काम कसं चाले हा तिचा प्रश्न.

गुऱ्हाळघरावर या पुस्तकात सर्वांत जास्त पानं गेली आहेत, आणि मला विचाराल तर तीही कमी आहेत. कोल्हापूरच्या गुळाची ख्याती जुनी. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारामुळेच भरभराटीला आली. किर्लोस्करवाडी १९१० ची. नांगरांबरोबर उसाचे लोखंडी चरकही तिथून गावोगाव गेले आणि लाकडी चरक मागे पडला. पुढे बैल जाऊन इंजिन आलं, इंजिन जाऊन विजेची मोटार आली. प्रत्येक बदलाने गुऱ्हाळघराचा आकार थोडा सरकवला. बैलांचा चरक उघड्यावर असे, कारण बैलांना गोल फिरायला जागा लागे. मोटारीचा चरक भिंतीलगत आला. त्यामुळे जुन्या गुऱ्हाळापुढचं मोकळं आवार पाहून ‘ही वाया गेलेली जागा’ असं नकाशावर लिहू नये. तिथे बैल फिरलेत. जमिनीत अजून पुरलेली एखादी मांदण सापडली तर रस कुठे पडे तेही कळतं.

आत शिरलं की सगळी वास्तू काहिलीभोवती रचलेली असते. माणूस आडवा मावेल एवढी ती काहील, तिच्याखाली जमिनीत खोल गेलेलं चुलवाण. चुलवाणाचं तोंड मुद्दाम पाठच्या बाजूला, भिंतीपलीकडे. चिपाड सारणारा माणूस आणि रसावर नजर ठेवणारा गुळव्या एकमेकांना दिसत नाहीत, ओरडून बोलतात. असं का? राख आणि ठिणगी रसात पडू नये म्हणून. भिंतीला या दोघांच्या मधोमध एक हातभर भोक असतं. नवख्या मोजणाराने ते ‘पडझड’ म्हणून सोडून दिलेलं मी पाहिलं आहे; ते जाळ वाढव, जाळ तोड हे सांगण्यासाठी ठेवलेलं असतं. वर पाहावं तर कौलांच्या वाशांवर काजळी एकसारखी नसते. काहिलीच्या माथ्यावर लाकूड वाफेने धुतल्यासारखं फिकट, आणि चुलवाणाकडे गडद काळं. त्या दोन रंगांच्या मधली रेघ आराखड्यावर काढली, की वाफ कुठून बाहेर जाई ते आपोआप उमटतं.

मग अंतरं. रस उकळून, भेंडीच्या पाण्याने मळी वर आणून, ती काढून टाकून पाक तयार व्हायला आला, की गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांत गोळी वळून पाहतो. त्याला पटलं की पुढचा खेळ पटापट उरकायचा. काहील ओढून वाफ्यात ओतायची, घोटायची, साच्यात भरायची. उशीर झाला तर अख्खं आदण बिघडतं. म्हणून काहिलीपासून वाफ्याचं अंतर, वाफ्याच्या काठाची उंची, काहील ओढायच्या साखळीचा आढ्यावरचा आकडा, ओढणाऱ्यांनी पाय रोवायचा दगड, या चार मापांत गूळ करण्याची सगळी घाई बसलेली आहे. भिंतींची लांबी-रुंदी सेंटिमीटरपर्यंत काटेकोर आणि वाफ्याची नोंद ‘जमिनीतील खोलगट भाग’ अशी असेल, तर ती नोंद माझ्या लेखी वाया गेली.

कारागिरांच्या शाळांत तर भिंतीपेक्षा जमीनच जास्त बोलते. कोष्ट्याचा खड्डामाग घ्या. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात, पावड्यांवर. मागाच्या रुंदीवरून सोप्याची रुंदी ठरते, फणीवर उजेड कुठून पडतो त्यावरून खिडकी. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ साली. पुढे हळूहळू त्याच सोप्यांत खड्डे बुजवून यंत्रमाग बसले आणि नंतर ते पत्र्याच्या शेडमध्ये गेले. आज त्या सोप्यात टीव्ही आणि दिवाण असतो. तरी खड्डा सापडतो, कारण मुरूम कितीही ठोकून भरला तरी कालांतराने दबतो, आणि वरच्या शहाबादी फरशीला त्याच चौकोनात हलका खळगा पडतो. फरशीवर पाणी सोडलं की ते तिथे साचतं. घरातल्या सुनेला ती जागा बरोबर माहीत असते, कारण रोज तिथलं पाणी पुसावं लागतं. सासऱ्याचा माग तिथे होता हे तिला सांगावं लागतं.

लोहारशाळेत ऐरण ज्या ठोकळ्यावर बसते तो निम्मा जमिनीत गाडलेला असतो. ऐरण विकली जाते, ठोकळा कुजतो, खड्डा राहतो. त्या खड्ड्यापासून भट्टीपर्यंत दीड पाऊल, भात्यापर्यंत हात पोचेल एवढं. तापलेलं लोखंड सांडशीत धरून वळायचं असतं, चालत जायचं नसतं. शाळेबाहेर आणखी एक जागा शोधावी लागते. गाडीच्या चाकावर धाव चढवायची ती जागा. तुंब्यात आरे, आऱ्यांवर पुठे बसवून झाले, की लोखंडी धाव गोवऱ्यांच्या कड्यात लाल होईपर्यंत तापवायची, चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचं. धाव आकसते आणि सगळे सांधे आवळले जातात. हे सुतार आणि लोहार या दोघांचं काम, म्हणून ती जागा बहुधा दोघांच्या शाळांच्या मधे सापडते. जळून लाल झालेल्या मातीचं कडं फावड्याच्या एका खरवडीत दिसतं. त्याचा व्यास मोजला की गावात चालणाऱ्या गाड्यांच्या चाकाचा अंदाज आयता मिळतो. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दारं, भांडी जिवापाड जमवली. कोल्हापूरजवळ कणेरीला बलुतेदारांचे पुतळे कामाला बसलेले दिसतात. वस्तू उचलून नेता येतात, पुतळे घडवता येतात. जळक्या मातीचं कडं उचलून नेता येत नाही. ते जागेवरच कागदावर उतरवावं लागतं.

पेवांबद्दल थोडं. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे हळद जमिनीखाली ठेवायचे. दोन-तीन पुरुष खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी ती पेवं. आतून पाला-चटयांचं अस्तर, तोंड मातीने बंद. तिथली माती पाणी झिरपू देत नाही, म्हणून हे जमलं. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. आतली हवा कोंदट आणि जीवघेणी. काही वेळ ते मोकळं ठेवायचं, कंदील सोडून पाहायचा, तो विझला नाही तर माणूस. २००५ च्या महापुरात यांतली बरीच निकामी झाली, २०१९ च्या पुराने उरलीसुरली हादरवली. पाडणं म्हणजे दर वेळी जेसीबी असतं असं नाही, नदीही पाडते. पेव हे या संग्रहातलं सर्वांत अवघड प्रकरण, कारण त्याला दर्शनी भाग नाही, छप्पर नाही, भिंतसुद्धा नाही. आहे ती मातीत कोरलेली पोकळी. तिचा उभा छेद काढायचा तर ओळंबा सोडून दर हाताला आडवी मापं घ्यावी लागतात. वाचकाने ते रेखाटन पाहताना खाली दिलेली मातीच्या थरांची नोंद जरूर वाचावी. पेवाचं तंत्र त्या थरांत आहे.

मोजण्याच्या रीतीबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे लांबण लावत नाही. दोन-तीन मतं मात्र मांडतो. मोबाइलवर दीडशे फोटो काढले म्हणजे नोंद झाली, हा समज आता सर्वत्र आहे. फोटोत पट्टी नसेल, दिशा नसेल, कोणत्या खोलीतून कोणीकडे पाहिलं ते लिहिलं नसेल, तर दहा वर्षांनी ते फोटो काढणाऱ्यालाही उलगडत नाहीत. लेझरने मोजावं, पण कर्ण घ्यायला विसरू नये. जुन्या गोठ्याचा एकही कोपरा काटकोनात नसतो, आणि चार बाजू मोजून आलेला सरळसोट चौकोन हा मोजणाराच्या मनातला गोठा असतो. आणखी एक. मापं मीटरमध्ये घ्यावीत हे ठीक, पण शेजारी खण, हात, वीत यांतही लिहावीत. बांधणाऱ्या सुताराने मोजलं होतं गज-तसूत, मालकाने सांगितलं होतं खणांत. गव्हाणीची उंची सेंटिमीटरमध्ये आडनिडी येते. हातात मोजली तर बरोबर दीड हात, आणि मग शेजारच्या गावातल्या गव्हाणीही दीड हातच का, हा प्रश्न सुचतो. खोंडाची मान तिथे सुखाने पोचते, हे उत्तर जनावर पाळलेला कुणीही देईल.

म्हणूनच तिथे काम केलेलं माणूस मोजणीच्या वेळी हजर पाहिजे. नंतर मुलाखत घेऊ असं म्हणून चालत नाही. घरात खुर्चीवर बसवलेला म्हातारा ‘आमच्या वेळी सोन्याचे दिवस होते’ इथून सुरुवात करतो. त्यालाच लोहारशाळेत नेऊन उभं केलं, की तो न सांगता भात्याच्या जागी जाऊन उकिडवा बसतो. त्याचा उजवा हात जिथे जातो तिथे काहीतरी असायचं. काय असायचं ते विचारावं. बायकांना तर जरूर विचारावं, कारण धान्याचं बळद सारवणं, कणगी लिंपणं, दूध काढणं, शेण भरणं, मागावरचं सूत भरणं हे सगळं त्यांच्याकडे होतं, आणि ‘मालक कोण’ या प्रश्नाला नेहमी पुरुषाचं नाव येतं.

एक बाजू अवघड आहे आणि ती टाळू नये. बलुत्याच्या गावात कामशाळेची जागा नुसती सोयीने ठरत नसे, जातीने ठरे. चामडं कमावण्याची जागा गावाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, चुन्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यासह. कोल्हापुरी चपलेचं नाव जगभर झालं. तिचं कातडं पिशवीसारखं शिवून, त्यात सालीचं पाणी भरून, टांगून पिकवत. त्या टांगणीच्या खांबांची आणि कुंडांची नोंद घ्यायला गेलं, तर तिथली तरुण मुलं म्हणतात, “हे कशाला लिहिता? आम्हाला तर ते पाडायचंय.” त्यांना तसं वाटण्याचा पूर्ण हक्क आहे. अशा ठिकाणी कागदावर काय राहावं हे त्यांनी ठरवावं, आणि राहिलंच तर आराखड्यावर गावापासूनचं अंतर, पाणवठा कुठला वेगळा होता, वाट कुठून जाई आणि कुठून जाऊ देत नसत, हेही काढावं. कौशल्याचं कौतुक ठेवून अपमानाची भूगोलपाटी पुसली, तर ती नोंद खोटी होते. काही वेळा घरच्यांनी नको म्हटलं आणि वही मिटली. तीही नोंदीची एक रीतच आहे.

असं काम सरकारी पातळीवर होऊ शकतं याला दाखला आहे. अमेरिकेत १९३३ साली, महामंदीच्या दिवसांत, चार्ल्स पीटरसन नावाच्या वास्तुविशारदाने बेकार झालेल्या वास्तुविशारदांना जुन्या इमारती मोजायच्या कामावर घ्यावं, असा प्रस्ताव दिला. तो मंजूर झाला. त्यातून धान्याची कोठारं, पवनचक्क्या, पाणचक्क्यांसह हजारो इमारतींची रेखाटनं जमली आणि ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आजही कुणालाही पाहता येतात. १९६९ मध्ये कारखाने, पूल, यंत्रं यांच्यासाठी वेगळी शाखा निघाली. त्यांतल्या कित्येक इमारती केव्हाच पडल्या. आपल्याकडे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आहेत, अभियांत्रिकीची पदविका महाविद्यालयं जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत, ग्रामपंचायतीत संगणक आहे. सर्वेक्षणाच्या तासाला कॉलेजच्याच इमारतीची मोजणी वर्षानुवर्षं करून घेण्याऐवजी मुलांना शेजारच्या गावात पाठवलं, तरी पुष्कळ होईल.

तयार झालेल्या नोंदींच्या तीन प्रती कराव्यात, असा आमचा आग्रह राहिला आहे. एक त्या घरात, एक गावच्या वाचनालयात किंवा शाळेत, एक जिल्ह्याच्या ठिकाणी. घरातली प्रत जाड कागदावर द्यावी. ती हमखास कपाटात सातबाऱ्याशेजारी जाते आणि सातबाऱ्याइतकीच जपली जाते. केवळ संगणकावरच्या प्रतीवर विसंबू नये.

शेवटी वेळापत्रक, कारण हे पुस्तक हातात घेऊन कुणी निघणार असेल तर त्याला त्याचा उपयोग होईल. गावाकडची पाडापाडी होते ती रब्बी निघाल्यापासून मृगापर्यंत. गोठे आणि माळवदं होळीच्या आधीच गाठावीत. खळं पाहायचं तर सुगीत, जिथे अजून मळणी खळ्यावर होते अशा गावात. पेवाजवळ पावसाळ्यात जाऊ नये आणि एकट्याने तर कधीच उतरू नये. गुऱ्हाळघर मात्र बंद असताना मोजून भागत नाही. दिवाळीनंतर चुलवाण पेटतं, त्या दिवसांत जावं, गुळव्याची परवानगी घ्यावी, आणि पहिलं आदण उतरेपर्यंत टेप खिशातच ठेवून नुसतं बघावं. मोजायला दुपारनंतर सुरुवात करावी. तोवर कोण कुठे उभं राहतं ते कळलेलं असतं.